टपावर टाकलेल्या काठ्या

अण्णा आमच्याकडे राहायला आले आणि घरातले आवाज बदलले. त्याआधी शहापूरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी कुकर वाजायचा, बाबांची कसाऱ्याला रेल्वेत ड्यूटी असायची म्हणून उजाडायच्या आत दाराची कडी वाजायची, आणि बाकी दिवसभर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर असायची, जी आम्हाला ऐकूच येत नसे. आता पुढच्या खोलीत लोखंडी पलंग आला. तो कूस बदलली की करकरायचा. पंख्याला एक टिकटिक होती, ती इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसामुळे आम्हालाही ती ऐकू येऊ लागली. आणि अण्णा हाक मारायचे नाहीत. डाव्या हाताने स्टीलच्या वाटीवर चमचा आपटायचे. एकदा आपटला तर पाणी, दोनदा म्हणजे कुणीतरी या.

अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ जड झाली होती, तोंड किंचित वाकडं, उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिले काही महिनेच महत्त्वाचे, रोज व्यायाम झाला तर हात परत येईल, नाहीतर राहील तसा राहील. गावात रोज व्यायाम घ्यायला कोण येणार? आमचं गाव मुरबाडकडून शहापूरला येणाऱ्या रस्त्यावर, काळू नदीच्या काठी. एसटी येते तेव्हा येते, बाकी सगळं जीपवर. म्हणून अण्णांना आमच्याकडे आणलं. भात कापणीला आलं होतं आणि म्हशीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून काकू गावातच राहिली.

मी तेव्हा अकरावीत होते. दिवाळीची सुट्टी चालू होती. बालवाडीपासून मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि त्या शाळेने मला दोन्हीकडून अर्धं ठेवलं असं मला आज वाटतं. वर्गात बोलायची भीती वाटे, आणि गावात गेलं की वेगळीच भीती. तिथे सगळे भराभर बोलत, माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. मग मी बोलणं सोडून बघत राहायला शिकले. कोण कुणाकडे न बघता बोलतं, कोण हसताना तोंडावर पदर घेतं, हे मला सगळं माहीत असे. लोक म्हणत, शांत आहे पोर. मी शांत नव्हते. आत माझी सारखी चुळबुळ चाललेली असे, फक्त ती बाहेर पडायला वाट नव्हती.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलाने अण्णांना एक रबरी चेंडू दिला होता. उजव्या हातात धरून दाबायचा. अण्णांच्या हातातून तो पडायचा, पलंगाखाली जायचा, आणि मी वाकून काढून द्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी तो घेतलाच नाही. आई त्यांना बिनमिठाचा मऊ भात भरवायची, कारण रक्तदाबामुळे मीठ बंद होतं. ज्या माणसाने जन्मभर सुकटीशिवाय भाकरी खाल्ली नाही, त्याच्या तोंडात तो पांढरा भात फिरताना मला बघवत नसे. एक दिवस घास तोंडातच ठेवून ते म्हणाले, "काठ्या आना माझ्या." शब्द इतके तुटक होते की आईला वाटलं ते आधाराची काठी मागतायत. मला कळलं. गळाच्या काठ्या.

अण्णांच्या तीन काठ्या होत्या. सबंध पंचक्रोशीत कुणाच्या तशा नव्हत्या असं बाबा म्हणायचे, आणि बाबा भावाचं कौतुक सहसा करत नसत. एक लांब, डोहात मरळीसाठी. एक मधली. एक हलकी आखूड, शिवड्यांसारख्या बारक्या माशांसाठी, तिच्या दोरीला मोरपिसाची काडी तरंगायला बांधलेली. भात घरात आलं की अण्णा दुपारी नदीवर जाऊन बसत. मी लहानपणी त्यांच्या मागे बसलेली आहे. तिथे बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडे. अण्णांनी ठरवलं होतं की उजवा हात नाही तर डावा, पण काठी धरायची. बाबांनी कबूल केलं की काठ्या आल्या की रविवारी रिक्षा करून भातसा नदीवर नेईन. तेवढ्या बोलण्यावर अण्णांनी त्या संध्याकाळी चेंडू मागून घेतला आणि वीस वेळा दाबला. निदान दाबल्यासारखं केलं.

काठ्या आणायला मी गेले. बाबांना रजा नव्हती, आणि आई अण्णांना सोडून जाऊ शकत नव्हती. एकटीने गावाला जायची ती माझी पहिलीच वेळ. काकू खळ्यावर होती, केसांत भुसा, तोंडाला फडकं बांधलेलं. मला बघून तिने आधी अण्णा जेवतात का विचारलं, मग झोपतात का, मग चिडतात का. चिडतात म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, मग हाय जीव. तिने मला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं आणि मी जेवत असताना पाटावर चढून चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या काठ्या एकेक करून खाली काढल्या. पदराने पुसल्या. आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या, तीन ठिकाणी दोरी मारली. रस्त्यापर्यंत स्वतः घेऊन आली, माझ्या हातात दिल्या नाहीत. जीप येताना दिसली तेव्हा म्हणाली, "टपावर टाकू द्यायच्या नाय गो. पुढं बस, आन् खिडकीतून बाहेर काढून धर. जीपवाला ऐकनार नाय. तू ऐकव."

मी मान हलवली आणि गाठोडं हातात घेतलं. मान हलवायला मला कधीच त्रास झालेला नाही.

जीपवाला उतरला, लुगड्याचं ते लांब गाठोडं माझ्या हातातून घेतलं, आत कुठं मावनार हे, असं स्वतःशीच बोलला आणि टपावर टाकलं. काकू तोवर मागे वळून खळ्याकडे निघाली होती. माझ्या मनात वाक्य तयार होतं: दादा, ते वर ठेवू नका, ते नाजूक आहे. ते मी मनात दोनदा म्हटलं. तेवढ्यात पुढची सीट भरली आणि मागच्या बाजूला दोन बायकांच्या मध्ये मला जागा मिळाली. समोरच्या बाकावर आणखी तिघी. कुणाची पोर, म्हणून त्यांनी चौकशी केली. मी सांगितलं की मी अमक्यांची पुतणी आहे, शहापूरला शिकते, काकांची प्रकृती आता बरी आहे. प्रकृती म्हटल्यावर समोरची एक बाई दुसरीकडे बघून म्हणाली, पोर पुस्तकासारी बोलते गो. सगळ्या हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं; शेजारणीने तर माझ्या गुडघ्यावर थोपटलं. पण माझं तोंड जे मिटलं ते मिटलं.

पुढच्या फाट्यावर भाताची पोती चढली. गिरणीवर न्यायची. दोन माणसं खालून झुलवून वर फेकत होती. पहिलं पोतं पडलं तेव्हा टप दबला आणि त्याच्याबरोबर एक आवाज आला. लाकूड मोडल्यासारखा नव्हता तो. कोरडा, नेमका, बोट मोडल्यासारखा. मी वर पाहिलं. वर पत्रा होता. दुसरं पोतं पडलं, तिसरं पडलं. थांबवायचं असेल तर आत्ता, असं मला स्पष्ट कळत होतं. मला अजूनही आठवतं की माझा उजवा हात पुढच्या सीटच्या पाठीवर होता आणि मी तो उचलून ड्रायव्हरच्या खांद्याला लावू शकले असते, इतका तो जवळ होता. जीप सुटली. पुढे एका गतिरोधकावर ती उसळली आणि वरून पुन्हा तसाच आवाज झाला. ज्या बाईने मला थोपटलं होतं ती म्हणाली, "तुझं काय मोडलं का गो वरती?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

ही गोष्ट मी पुढे बऱ्याच जणांना सांगितली, नवऱ्यालाही. सांगताना ती बाई मी गाळते. जीपचा आवाज मोठा होता, मला नीट कळलं नाही, असं सांगते. इथे पहिल्यांदा लिहिते आहे की मला विचारलं गेलं होतं.

शहापूरला उतरल्यावर पोत्यांखालून गाठोडं ओढून काढलं. ते मधोमध वाकलं होतं. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मी दोऱ्या सोडल्या. लांब काठीचे दोन तुकडे झाले होते, मधलीचे तीन. हलकी काठी दिसायला सबंध होती, पण हातात घेतली तर उभी चिरली होती, पेरापेरातून, आणि किंचित दाबलं की तिची फट उघडायची आणि मिटायची. मला रडू आलं नाही. जिन्यावरून कुणी उतरेल एवढीच भीती होती. मी सगळं परत गुंडाळलं, चार मजले चढून गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे ते गाठोडं सरकवलं, हात धुतले आणि खाली आले.

अण्णा दाराकडे तोंड करून बसले होते. उशा लावून आईने त्यांना बसवलं होतं, केस विंचरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. आईने विचारलं, काठ्या कुठायत. आणि मी म्हणाले, "काकूने दिल्या नाहीत."

का असं म्हणाले? ते वाक्य सगळ्यात लहान होतं, याखेरीज मला आजही दुसरं कारण सापडत नाही. जीपची, पोत्यांची, हसणाऱ्या बायकांची हकीकत सांगायला दहा वाक्यं लागली असती, आणि प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी विचारलं असतं, मग तू काय केलंस. माझ्या वाक्यावर कुणी काही विचारलं नाही. अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने ते काहीतरी बोलले. आईने कान जवळ नेऊन ऐकलं आणि सरळ आत गेली. मला ते नंतर स्वयंपाकघरात कळलं. ते म्हणाले होते, तिने मला धरलं मेलेल्यात.

त्या दिवसानंतर त्यांनी व्यायाम सोडला. व्यायामवाला मुलगा यायचा, त्यांचा हात उचलायचा, आणि हात पडायचा. तो आईला बाजूला घेऊन सांगायचा की मावशी, हेच दिवस कामाचे आहेत, एकदा गेले की मी रोज येऊन पण काय करणार. आई बाबांना सांगायची. बाबा काकूला फोन लावायचे. गावात रेंज म्हणजे नशिबाचा भाग, आणि दिवसभर काकू खळ्यावर. लागला तरी खरखर, आणि बाबा भावजयीला काय विचारणार, काठ्या का दिल्या नाहीस म्हणून? ते भात कितपत झालं विचारायचे आणि ठेवायचे. मी प्रत्येक फोनच्या वेळी खोलीबाहेर जायची.

मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडलं की त्याच ओळीवर डोळे. पाणी बघते, कपडे बघते म्हणून मी दिवसातून आठ-दहा वेळा गच्चीवर जायची. गाठोडं तिथेच असायचं. एकदा मी चिरलेल्या काठीत गोंद भरला, सायकलची जुनी ट्यूब कापून आवळून बांधली, दोन दिवस वाट पाहिली. ट्यूब सोडल्यावर काठीने शांतपणे आपली फट उघडली. मग मी मधल्या काठीचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून बाजारात टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरूडकाकांकडे घेऊन गेले. माझी कल्पना अशी होती की अगदी तशाच तीन काठ्या त्यांच्याकडे मिळतील आणि मी म्हणेन, काकूने पाठवल्या. खोट्यावर खोटं कसं बसवायचं याचा मी इतका बारीक विचार केला होता की तेवढा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्याने तुकडा हातात घेतला, नखाने टोकरला, नाकाशी नेला. म्हणाले, हा दुकानातला माल नाय. मग हातातली सुरी खाली न ठेवता, कामाकडे बघत त्यांनी मला सांगितलं की बांबू काळोख्या पंधरवड्यातच तोडायचा असतो. चांदण्यात तोडला तर त्यात गोडवा असतो, कीड लागते. तोडला की महिनाभर ओढ्याच्या चिखलात पुरायचा. मग चुलीवर टांगायचा, खाली दगड बांधून, म्हणजे सरळ होतो. एका पावसाळ्यात काही होत नाही. तीन पावसाळे रोजचा धूर लागला पाहिजे, मग तो असा तांबडा होतो आणि वाकतो पण तुटत नाही. मी विचारलं, मग हा कसा तुटला. ते म्हणाले, आडवा पडून वरून भार आला आसंल. काठी वाकायला जागा लागते. त्यांनी तुकडा परत वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "ज्याच्या घरची हाय त्याला दे. माझ्याकडं काय आनलीस?"

मी तरीही दोन दिवस काढले. हे लिहायला बरं वाटत नाही.

भात झोडून झालं आणि काकू आली. न सांगता आली, सकाळच्या जीपने, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं आणि पिशवीत सुकट, डॉक्टरने बंद केली आहे हे माहीत असून. चपला काढायच्या आत तिने अण्णांकडे पाहिलं आणि हसली. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आई गोंधळली, पाणी आणायला आत गेली. काकू पलंगाच्या कडेला बसली, त्यांच्या पायावर हात ठेवला. अण्णा भिंतीकडे बघतच बोलले, तुटक, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द कळला. काठ्या का नाय दिल्यास, म्हणून त्यांनी विचारलं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होते. ती एवढंच बघत होती की माझं काय झालंय, आणि तेवढ्यात तिला सगळं कळलं असावं. मला लपवता येतं असं मला वाटायचं, पण बघणारी मी एकटीच नव्हते.

"नाय दिल्या," काकू म्हणाली. "माझी मर्जी."

"मी अर्धा गेलो," अण्णा म्हणाले. "तू पुरा घालवलास."

काकूने पायावरचा हात काढला. उठली, आत आली, परात ओढून घेतली आणि पीठ मळायला बसली, न विचारता, आमच्या घरात. तिची मूठ पिठात जात होती आणि तिचा चेहरा अगदी साधा होता. तिला बोलता येत नव्हतं असं नव्हे. ती सगळ्या गावाला ऐकवणारी बाई. ती माझ्यासाठी गप्प होती. आणि मी बघत होते की ती गप्प आहे, हे मी इतकं नीट बघत होते, की मला स्वतःचाच राग आला. मी गच्चीवर गेले. गाठोडं आणलं आणि अण्णांच्या पलंगावर, त्यांच्या पाठीशी ठेवून उघडलं.

"काकूने दिल्या होत्या," मी म्हणाले. "माझ्याकडून मोडल्या."

अण्णा वळले. वळायला त्यांना वेळ लागला, आणि मी त्यांना आधार दिला नाही, हात लावायची हिंमत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने एकेक तुकडा उचलला. तुटलेल्या टोकावर अंगठा फिरवला. हलकी काठी घेतली, दाबली, फट उघडली, मिटली. पुन्हा दाबली. आई पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती.

"कुठं?"

"जीपच्या टपावर. वर पोती टाकली."

"आवाज आला व्हता?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. रागावतील, फेकतील, रडतील, या सगळ्याची मी गच्चीवर तयारी केली होती.

"आला."

"मंग?"

"मी बोलले नाही."

त्यांनी काठी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जसं नदीवर दोरीकडे बघायचे. मग डोळ्यांतून पाणी आलं, उजव्या बाजूने, जी बाजू त्यांच्या ताब्यात नव्हती, म्हणून ते पुसलं गेलं नाही. मला वाटलं आता काकूला हाक मारतील. त्यांनी मारली नाही. पुन्हा भिंतीकडे वळले.

काकू जेवली नाही. भाकऱ्या करून ठेवल्या आणि दुपारच्या जीपने जाते म्हणाली, म्हैस पान्हवायची आहे. आईने खूप आग्रह केला. मी तिच्याबरोबर खाली उतरले. जिन्यात ती थांबली, पदराने तोंड पुसलं. माफी मागायला मी तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. म्हणाली, तू बोललीस ते बरं केलंस. "पन ते जे बोलले ते बोलले. ते काय तू मोडल्यामुळं नाय बोलले." मग जरा वेळाने, माझ्याशी नव्हे, जिन्याच्या कठड्याशी बोलल्यासारखी म्हणाली की त्या काठ्या चुलीवर होत्या तेव्हा तीन पावसाळे तिने डोळे चोळत त्यांच्याखाली भाकऱ्या केल्या. सुकी लाकडं धूर करत नाहीत म्हणून अण्णा मुद्दाम ओली आणून टाकायचे. घरात माणसाला खोकला, आणि बांबूला रंग. "आमच्या दोघांच्या व्हत्या त्या," ती म्हणाली. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी आणि अण्णा आणि काठ्या, एवढाच हिशोब मी इतके दिवस मांडत होते.

पुढचे तीन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. वाटीवर चमचा आपटायचे, मी गेले तर नजर फिरवायचे आणि आई येईपर्यंत थांबायचे, तहान लागली असली तरी. मला ते पटत होतं. माझी चुळबुळ तेव्हा थांबायला हवी होती, पण ती वाढलीच. खोटं लपवताना निदान हाताला काम होतं. आता करण्यासारखं काहीच नव्हतं. मी घरात फिरायची, खिडकीशी जायची, परत यायची. तुकडे आईने पलंगाखाली ठेवले होते. तिसऱ्या दिवशी व्यायामवाला आला तेव्हा अण्णांनी चेंडू ढकलला आणि पलंगाखाली बोट दाखवलं. त्या मुलाने लांब काठीचा मुठीकडचा भाग काढून दिला, तसा त्यांनी डाव्या हाताने तो उजव्या मुठीत बसवला. बोटं मिटली नाहीत. पण ते ती मूठ सोडेनात. घाम फुटेपर्यंत त्या बोटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नव्या काठ्या पुढे झाल्या नाहीत, हे इथेच सांगून टाकते. पुढच्या वर्षी काकूने एक बांबू तोडून ओढ्यात पुरला होता, तो पुरात गेला. अण्णांचा हात आला, अर्धा आला, कप धरण्याइतका. नंतर ते नदीवर बसायचे ते बाटलीला दोरी गुंडाळून, डाव्या हाताच्या बोटावर दोरीचा ताण घेत. मासे लहानच लागायचे. मोठा लागला तर ओढणार कसा, असं ते स्वतःच म्हणायचे. त्या तीन काठ्यांची जागा रिकामी राहिली, आणि ती भरून काढायचा प्रयत्न मी सोडून दिला. एवढं करायला मला बरीच वर्षं लागली.

काकू गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी आई झोपली होती. वाटीवर दोनदा चमचा वाजला. मी दारापर्यंत गेले आणि थांबले, आईला उठवावं का म्हणून. अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हनुवटीने खिडकीतल्या मोबाइलकडे दाखवलं. "लाव," म्हणाले. कुणाला ते सांगायची गरज नव्हती.

पहिल्या खेपेला लागला नाही, दुसऱ्या खेपेला शेजारच्या कुणीतरी उचलला आणि काकूला बोलवायला गेलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. काकू आली. अण्णांनी फोन कानाला धरून बोलायला सुरुवात केली, पण जीभ त्या दिवशी फारच जड होती, आणि तिकडून काकू म्हणत राहिली, काय, काय म्हनता, आयकू येत नाय. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, "तू सांग."

काय सांगू, मी विचारलं. ते शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, सांग की तांदूळ चांगला आहे. मी सांगितलं. काकू म्हणाली, तेवढ्यासाठी फोन केला? मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, सांग, मी जेवत नाय. सांगितलं. काकूने विचारलं, "ते म्हनतात का तू म्हनतेस?"

"ते म्हणतात."

अण्णा हाताने मला पुढे, पुढे अशी खूण करत होते, आणि एकेक शब्द काढत होते, आणि मी तो घेऊन तिकडे पोचवत होते. सांग, त्या दिवशी तसं बोलायला नको व्हतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाला ओळखते तो असं वाक्य बोलेल हे मला खरं वाटेना, म्हणून मी ते पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मोठे केले. मी सांगितलं. जसं होतं तसं, माझ्या शब्दांत न बदलता. तिकडे नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या. मला वाटलं फोन कटला.

"ते ऐकतायत का?" काकूने विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता.

मी अण्णांकडे पाहिलं. "ऐकतायत."

"मंग फोन त्यांच्या कानाला लाव," काकू म्हणाली, "आन् तू बाहेर जा."

मी फोन त्यांच्या डाव्या हातात दिला, कानाशी नीट बसवला, उशी सरळ केली. दार ओढून घेतलं. बाहेर जिन्यात उभी राहिले तर आतलं ऐकू आलं असतं, म्हणून मी सगळा जिना उतरून रस्त्यावर गेले.